पुन्हासाहेबांची खुर्ची

ती. आक्का यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे धरल्यामुळे हा साष्टांग तूर्त कागदावरच मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मी बरा आहे, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाच्या खुर्चीत बसवलेला माणूस जितका बरा असू शकतो तितका. साहेब गेल्यापासून रेडिओ स्टेशनवर कुठलं गाणं किती वेळा लावायचं हे मी ठरवतो, आणि स्टेशन त्याची फळं भोगतंय.

साहेबांची थोरवी तुम्हाला घरी कुणी सांगितली असेल असं वाटत नाही, म्हणून सांगतो. ते येण्याआधी आमच्याकडे सगळ्या गाण्यांना आळीपाळीने सारखा न्याय मिळे. एखादं गाणं लोकांना कितीही आवडो, एकदा लागलं की महिनाभर रांगेत मागे उभं. साहेब एकदा न्हाव्याकडे दाढीला बसले असताना (ही गोष्ट ते दर वर्षी थोडी वाढवून सांगत, शेवटी शेवटी तिच्यात वस्तरा लागून रक्तही येई) गिऱ्हाइकं रेडिओकडे बघत एकमेकांना विचारू लागली, ते मघाचं गाणं परत लावतील का हो? साहेब अर्ध्या दाढीनिशी स्टेशनवर आले आणि ते गाणं तासातासाला लावायला लागले. आम्ही हबकलो. निवेदिकाबाई म्हणाल्या, लोक कंटाळतील. साहेब म्हणाले, "कंटाळा आपल्याला येतो, बाई. आपण दिवसभर इथे बसतो. ऐकणारा आत्ता कुठे कामावरून येऊन चपला काढतोय." आक्का, इतकी साधी गोष्ट, पण आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती. थोड्याच दिवसांत गल्लीच्या एका टोकाला ऐकू आलेलं गाणं चालता चालता खिडक्याखिडक्यांतून पुरं ऐकायला मिळू लागलं. मागाहून बाकीच्या स्टेशनांनीही तोच कित्ता गिरवला. आम्ही त्यांना 'पुन्हासाहेब' म्हणायचो ते चिडवायला. पुढे तेच नाव आदराने घेऊ लागलो.

परवाच्या शोकसभेला तुम्ही आला नाहीत ते एका परीने बरं झालं. संचालक 'द्रष्टे' या शब्दापर्यंत पोहोचले तोवर मागच्या दोन ओळी पेंगत होत्या. मग सगळे स्तब्ध उभे राहिलो, आणि आमच्या ऑपरेटरने हॉलमधला लाउडस्पीकर बंद करायच्या ऐवजी चालू केला. स्टेशनवर नेमकं साहेबांनी जाण्याआधी निवडलेलं शेवटचं गाणं लागलं होतं. ऑपरेटर बटणं बडवत सुटला. पण आक्का, श्रद्धांजलीसाठी झुकलेल्या सगळ्या माना ताल धरून हलत होत्या. संचालकांचा उजवा पाय तर स्वतंत्र कारभार बघत होता. मला रडू फुटलं ते तेव्हा, भाषणांत नाही.

त्यानंतरची गाणी मी निवडली. पहिलं लावल्यावर श्रोत्यांचे फोन आले, रेडिओ बिघडलाय का म्हणून. दुसऱ्याला फोनही आले नाहीत. संचालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर लोकांच्या तोंडी बसेल असं एक तरी गाणं सापडलं नाही तर या खुर्चीत दुसऱ्या स्टेशनचा माणूस येईल, आणि तो म्हणे कट्टर आळीपाळीवाला आहे. म्हणजे साहेबांनी जन्मभर केलेलं सगळं एका सोमवारी पाण्यात.

गाणं चालणार हे साहेबांना आधी कसं कळायचं, याचं सगळ्यांनाच कोडं होतं. नवी गाणी पिशवीत घालून ते दुपारी तुमच्याकडे जेवायला येत आणि परत आल्यावर 'चालेल' किंवा 'पडेल' एवढंच सांगत. संचालकांची समजूत होती की त्यांनी कुठेतरी गुप्त सर्वेक्षण पथक नेमलंय. मी विचारून विचारून भंडावलं तेव्हा एकदाच बोलले. आक्का, ते पथक म्हणजे तुम्ही. तुम्ही भांडी घासायला बसलात की ते बाहेरच्या खोलीत गाणी लावत आणि पेपर वाचायचं सोंग घेत. तुम्ही आतून ओरडायचात, "मेल्या, तेच तेच काय लावतोस!" ते ओरडणं ते जमेस धरत नसत. शेवटचं भांडं पालथं घालेपर्यंत जे गाणं तुम्ही नकळत गुणगुणायला लागायचात, ते चाललंच म्हणून समजा. तुमच्या जिवावर या माणसाने अख्ख्या शहराला गायला लावलं आणि तुम्हाला एका शब्दाने कळू दिलं नाही.

बाकी क्षेम. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीला (मी बसलो असलो तरी ती रिकामीच आहे) काय म्हणावं ते सुचत नाही.

आपला,
साहेबांचा असिस्टंट

ता. क. – रविवारी दुपारी जेवायला येऊ का? सोबत तीन नवी गाणी आणीन.

ता. क. – मुद्दाम गुणगुणू नका हं. खरं तर हे तुम्हाला सांगायलाच नको होतं. आता तुम्ही कान देऊन ऐकाल आणि पथक बाद होईल. तेव्हा पत्र विसरून जा, रविवार तेवढा लक्षात ठेवा.

ता. क. – तुमच्या सूनबाई म्हणाल्या की साहेब गेल्यापासून तुम्ही रेडिओ लावलेलाच नाही. तर आक्का, गुणगुणावंसं नाहीच वाटलं तर राहू दे. सोमवारचं सोमवारी बघू. गाणी बंद करून आपण त्यांच्याबद्दल बोलत बसू. भांडी मी घासतो.