साठावर सहा दिवस

काका, परवा उम्म सलालला सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये बसलो होतो आणि तिथे तुमचा विषय निघाला, म्हणून लिहायला बसलोय. इथे कतारमध्ये आता कायमच्या रहिवासाचं कार्ड मिळतं. तुम्ही सत्तावीस वर्षं या देशातले एसी चालू ठेवलेत, पण तेव्हा असलं काही नव्हतं. नोकरी होती तोवर माणूस होता, नोकरी गेली की हातात तिकीट. आता कायदा आहे. आई कतारी असेल तर एक वाट, सरकारला दाखवण्यासारखं मोठं काम केलं असेल तर दुसरी, भलंमोठं घर विकत घेता आलं तर तिसरी. त्या तिन्ही दारांतून माझी शिडी आत जात नाही. माझं दार साधं आहे: सलग वीस वर्षं इथे राहायचं, वागणूक चांगली, कमाई पुरेशी, आणि अरबी बोलता यायला हवी. अरबीची मला चिंता नाही. गेली पंधरा वर्षं शेतांवरच्या शीतगृहांच्या मालकांशी मी अरबीतच भांडतोय. वर्षंही बावीस झाली. तेव्हा कागदांची पिशवी घेऊन मी अगदी ऐटीत गेलो होतो.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हाही मी ऐटीतच होतो. साताऱ्याकडच्या आयटीआयचा शिक्का घेऊन आलेला, सगळं येतं असं समजणारा. दुसऱ्याच आठवड्यात एका बंगल्यावर मी मालकाला छातीठोकपणे सांगितलं, कंप्रेसर जळलाय, नवा लागेल. फोरमन म्हणून तुम्ही गच्चीवर आलात, यंत्राला कान लावून उभे राहिलात, आणि दहा मिनिटांत कपॅसिटर बदलून ते सुरू केलंत. मालकासमोर एक शब्द बोलला नाहीत. खाली गाडीत बसल्यावर म्हणालात, "मेल्या, कंप्रेसर नाय जळलो, तुझी अक्कल जळली हा. आधी कानान आयक, मगे हात लाव." मला इतका राग आला की दोन दिवस तुमच्या हातचं जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. कामगारांच्या कॅम्पमधल्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तुम्ही बांगड्याचं तिखलं करत होतात, आणि मासा न खाणाऱ्या घरातला मी ताट घेऊन तुमच्या मागे उभा राहिलो. तुम्ही वळूनही न बघता वाढलंत. आज माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत आणि त्या सगळ्यांना मी हेच शिकवतो, फक्त अकलेबद्दलचं वाक्य जरा सौम्य करून.

आता मला हे कार्ड का हवंय तेही सांगतो. नोकरीवर आहे तोवर माझा इथला मुक्काम कंपनीच्या मर्जीवर आहे. कार्ड असेल तर मला स्वतःच्या नावावर वर्कशॉप काढता येईल. जागाही बघून ठेवली आहे, इथेच, टायरवाल्याच्या शेजारी. मुलगी इथेच वाढली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि "घरी जाऊ" म्हटलं की तिला उम्म सलालचाच फ्लॅट आठवतो. तिला इथून एके दिवशी अचानक उचलून न्यायला लागू नये, एवढंच मला हवंय.

टायपिंग सेंटरमधला केरळी माझा जुना ओळखीचा. त्याने माझ्या येण्याजाण्याची नोंद उघडली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "भाईसाब, इस एक साल में छियासठ दिन बाहर है। साठ से ऊपर। सिलसिला टूट गया, खलास." वर्षात साठ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की सलग वर्षं तुटतात, हा नियम मला तिथेच कळला. काका, आपल्या लोकांची ती जुनी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. दोन दोन वर्षं रजा साठवायची, आणि एकदम गावाला जाऊन लग्न, घराची दुरुस्ती, सगळं उरकून यायचं. तेव्हा कुणाला माहीत होतं की पुढे कुणी हे दिवस मोजणार आहे? ते वर्ष माझ्या लग्नाचं होतं. मे महिन्यात बेचाळीस दिवस त्यात गेले. आणि ऑक्टोबरात तुम्ही चहा पिता पिता छातीवर हात ठेवून खाली बसलात ते उठला नाहीत.

तुमच्याबरोबर गावापर्यंत जायला कंपनीने मलाच पाठवलं. गोव्याच्या विमानतळावर तुमची पेटी उतरवून घेतली, शववाहिकेत पुढे बसून तुमच्या गावी आलो. काकी दारात होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू इलस ना, बरा झाला." पुतण्याने अग्नी दिला. मी पाणी भरलं, पंगती वाढल्या, तेराव्याला पान मांडलं. हे सगळं मी केरळ्याला हिंदीत सांगितलं तेव्हा त्याचे डोळे ओलावले. म्हणाला, "हे अर्जासोबत लिहून देऊ. फोरमनच्या मयतीमुळे राहावं लागलं. साहेब लोकांनाही वडीलधारी माणसं असतात. इन्शाल्ला, बघतील." त्याने की-बोर्ड पुढे ओढलासुद्धा. मी म्हटलं, थांब, उद्या सांगतो.

थांब का म्हटलं ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. बेचाळीस अधिक चौदा, छप्पन्न. तुमचं तेरावं उरकून मी चौदाव्या दिवशी तुमच्या गावातून निघालो तेव्हा साठाच्या आतच होतो. पुढचे दहा दिवस मी माझ्या घरी होतो, नव्या बायकोजवळ. मी कंपनीला फोन करून सांगितलं, काकींकडे बघायला कुणी नाही, अजून थोडं थांबावं लागेल. साफ खोटं. कंपनीने तुमच्या जागी मला फोरमन करायचं ठरवलं होतं आणि मी घाबरलो होतो. तुमच्याशिवाय त्या गच्च्यांवर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. परत जायचंच नाही, असं मी बायकोला सांगूनही टाकलं होतं. दहाव्या दिवशी तीच म्हणाली, "एवढं शिकवलं त्यांनी, ते काय इथं अंगणात बसण्यासाठी?" आणि बॅग भरून माझ्यासमोर ठेवली.

तेव्हा साठावरचे ते सहा दिवस तुमचे नाहीत, माझे आहेत. तुमचं नाव एकदा वापरलं, दुसऱ्यांदा वापरणार नाही. काल केरळ्याला सांगून आलो, काही लिहू नकोस. त्यानंतरच्या वर्षापासून मोजलं तर सोळा वर्षं झालीत, चार उरलीत. चार वर्षांनी मी बावन्नचा असेन, मुलगी कॉलेजात. कार्ड तेव्हाही मोजक्याच लोकांना मिळत असतील, आणि त्यांत मी असेन याची मला खात्री आहे. तोवर कुठल्याही वर्षी पन्नास दिवसांच्या वर बाहेर राहायचं नाही, हे बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात तुमच्या गावचा एक ड्रायव्हर सुट्टीवर निघालाय. हे पत्र काकींसाठी त्याच्याकडे द्यावं, असं सकाळी मनात आलं होतं. देणार नाही. काकी वाचून रागावणार नाहीत, मला माहीत आहे. त्या लगेच फोन करतील आणि म्हणतील, "घाल रे बाबा त्यांचा नाव, माका काय्येक नको, तुझा काम होऊंदे." आणि काका, त्या एकदा असं म्हणाल्या ना, की मी नाव घालीन.