शांतीची बत्ती आणि दादाची गिरणी

आबा, हे लिहायचं मी आठ वर्षं टाळत आलो. कधी पेन नव्हतं, कधी मीच एका जागी नव्हतो. आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, शांतीची बत्ती लावायचा. आत्यानं ती माझ्या हातात ठेवली. "लई भटकलास. आता आलायस तर बापाच्या जागी तूच लाव." प्रार्थना दहाला आहे. आत मंडळी चटया अंथरतायत, मी चर्चच्या पायरीवर वही घेऊन बसलोय, आणि मागच्या गल्लीतून दादाच्या पिठाच्या गिरणीचा आवाज येतोय.

बत्त्यांचं कडं तुम्ही करायचात तसंच आहे. सायकलचं जुनं टायर, त्याला कडुलिंबाच्या डहाळ्या. टायर पंक्चरवाले चाचा द्यायचे, यंदा त्यांच्या पोरानं दिलं. म्हणाला, "गुळगुळीत झालंय, पण तुमच्या बत्तीला कुठं घाट चढायचाय?" हसलो, आणि तो जुना रविवार आठवला. मी सतराचा. चाचांकडं दुरुस्तीला आलेली कुणाचीतरी मोटारसायकल न विचारता घेऊन थेट मांजरसुंब्याला गेलतो. काहून म्हणाल, तर ढाब्यावर थांबलेले ट्रक कुठून कुठून आलेत ते बघायला. एक जण तर मासळी घेऊन पार समुद्राकडून आला होता, त्यानं मला... जाऊ द्या, ते राहिलं. पुढच्या रविवारी बत्ती लावायची पाळी माझी. मी काडी ओढली आणि तुम्ही ती फुंकून विझवलीत. "ज्याचं कुणाशी वाकडं हाय, त्यानं हिला हात लावायचा न्हाई. लांबची लढाई थांबावी म्हणून कुणीबी प्रार्थना करतंय. तू आधी चाचाच्या दारात जा. आमी थांबतो." आणि सगळी मंडळी खरंच थांबली. मी पळत गेलो, कानापर्यंत लाल. चाचा हाताचं ग्रीस पुसत म्हणाले, "माफ केलं बे. पळ आता, तिकडं लोकं ताटकळलीत."

आज माझं दादाशी वाकडं आहे. तुम्हाला माती दिली त्या दिवशी मी उशिरा पोचलो, आणि पोचल्या पोचल्या सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "तू मारलंस आबाला. छातीत दुखत होतं तर अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचं सुचलं न्हाई तुला?" त्याच्या मुठीत माती होती. ती त्यानं तिथंच पायाशी सोडली आणि निघून गेला. तेव्हापासून तो ही पायरी चढला नाही. आत्या म्हणते, दर रविवारी प्रार्थनेच्या वेळेला तो गिरणी मुद्दाम चालू ठेवतो. सकाळपासून मी तीनदा त्याच्याकडं निघालो. एकदा चहाला थांबलो, एकदा कुणाची तरी सुटलेली शेळी धरायला गेलो, एकदा नुसताच कोपऱ्यावरून माघारी वळलो.

"दहा वाजून गेले," आत्या दारातून म्हणते. "कुणाची वाट बघायलास?"

"थांब की जरा."

तिला नियम माहीत आहे. ती आत जाऊन बसते.

आबा, मला जे बोलता येत नाही ते हे. दादाला तुमच्या छातीतलं माहीतच नव्हतं. माहीत मला होतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला, तेव्हा मी कुणाच्या तरी ट्रकात होतो, खिडकीबाहेर डोकं काढून. तुम्ही म्हणालात, "छाती जड वाटतीय. दादाला बोलू नको, उगं घाबरंल. उद्या शांतीची बत्ती लागू दे, मग बघू." मी "बरं" म्हणालो. मग घाट लागला, आणि मी विसरून गेलो.

हे पान तुमच्या कबरीवर ठेवणार होतो. आता नाही ठेवत. हे तुम्हाला नाही, दादाला सांगायचंय.

गिरणी बंद झाली. मला वाटलं वीज गेली. पण फाटकाची कडी वाजतीय. दादा आलाय, पीठ लागलेल्या कपड्यांत, आणि पायरीखाली चपला काढतोय.