मगरिबची पुडी, इशाची पुडी

निपाणी,
दि. १५ एप्रिल २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

कालची भीमजयंती जोरात झाली. मिरवणूक आपल्या मेडिकलसमोर थांबली तेव्हा जो तो तुमची चौकशी करत होता. तुम्ही बेळगावला दादाकडे मजेत आहात, फक्त फोनला हात लावत नाही, असं सांगून टाकलं. आपल्या घरात अक्षर उशिरा आलं, ते गंजू देऊ नये, हे तुमचं म्हणणं पटतं. पण दिवसभर गिऱ्हाईक करून वर पत्र लिहायचं म्हणजे शिक्षाच आहे हो.

मोठी बातमी ही, की आपली जैतूनबी मावशी यंदा हजला निघाली. आई आणि ती एका चटईवर बसून वीस वर्षं विड्या वळत होत्या. आई गेल्यावर माझी वेणी कोणी घातली, हे तुम्हाला सांगायला नको. आता तिला अडुसष्टावं लागलंय, साखर आहे, रक्तदाब आहे. हजच्या शिबिरात लस टोचून घेतली आणि तशीच दुकानात आली. बिनवासाचा साबण आणि बिनवासाचं मलम दे म्हणाली, कारण इहराममध्ये, म्हणजे हजच्या व्रतात, सुगंध चालत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेलं विचारून घ्यावं, एवढी अक्कल मला आलीय, हे कृपया नोंदवून ठेवा.

तिला वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, पण नमाजाची वेळ झोपेतही चुकत नाही. म्हणून तुमचीच जुनी पद्धत काढली आणि गोळ्या नमाजाला बांधल्या. रोजच्या तीन पुड्या, विडीच्या दोऱ्यानं बांधलेल्या. पांढरा दोरा पहाटेच्या फजरला, लाल सूर्यास्ताच्या मगरिबला, निळा रात्रीच्या इशाला. लाल आणि निळ्या दोन्हींत साखर उतरवणाऱ्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी एक रात्रीच्या जेवणाआधी आणि दुसरी झोपताना काहीतरी खाऊन लिहिलीय, पण ते तिच्या लक्षात राहायचं नाही. यादीची नक्कल सोबत जोडली आहे. तुम्ही तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होता, कितीतरी हाजींना औषधं बांधून दिलीत. काही राहिलं असेल तर जरूर लिहा. तुमच्या साखरेच्या गोळ्यांच्या महिन्याच्या पुड्याही पाठवतेय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपली,
उपासना

*

बेळगाव,
दि. २२ एप्रिल २०२५

चि. उपासना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटावर सिद्राममधली वेलांटी तू दीर्घ काढलीस. बी. फार्म.ला वेलांट्या शिकवत नसतील.

माझी तब्येत जशी असायची तशी आहे. बुद्धप्रिय सकाळी उद्यमबागेत कारखान्यात जातो तो दिवेलागणीला येतो. सूनबाई मला चहा देते आणि टीव्ही लावून देते. गॅलरीत उभ्या केलेल्या जुन्या सायकलीसारखं माझं आहे, कोणी चालवत नाही आणि कोणी भंगारातही देत नाही. पुड्या मिळाल्या. मी त्या न बघताच उघडतो. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, मला आता गोळ्यांचा रंग दिसत नाही म्हणून.

जैतूनबी निघाली, बरं झालं. तिला आठवत असेल, दोन वर्षांमागं मी दुकानात तिला गोळी काढून देत होतो, तेव्हा तू तिच्यादेखत माझ्या हातातली पट्टी काढून घेतलीस. आप्पा, तुम्ही औषधाला हात लावू नका, तुमच्याकडं कागद नाही, असं म्हणालीस. कायद्यानं तुझं खरंच होतं. मी त्याच आठवड्यात बेळगाव गाठलं. पाटीवर तुझं नाव आहे, ते शोभतं.

यादी दोनदा वाचली. अक्षर बरं आहे. डिग्रीवाल्यांना अडाण्यानं काय सांगायचं? माझ्याकडं लिहिण्यासारखं काही नाही.

जमेल तेवढी माया ठेवावी.

तुझा,
सिद्राम कांबळे

*

निपाणी,
दि. ९ मे २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या दिवसाचं मी चुकलेच. इन्स्पेक्टर येऊन गेल्याची भीती ताजी होती, पण मावशीसमोर बोलायला नको होतं. दुकानाचा परवाना माझ्या नावावर असला तरी दुकान तुमचं आहे. माफ करा, आप्पा.

मावशी काल बेंगळूरला निघाली. दारात सगळी गल्ली जमली होती. तिचा मुलगा शफीक डोळे पुसत बॅगा उचलत होता आणि शेजारची खतीजाबी, जी तिच्याबरोबर जातेय, ती त्याच्यावरच ओरडत होती. हजला जाणारा माणूस दारोदार जाऊन बोललंचाललं माफ करून घेतो, हे तुम्हाला माहीत आहे. मावशी दुकानातही आली. माझे दोन्ही हात धरले. लहानपणी वेणी घालताना मी लई केस ओढायची, त्याचं माफ कर म्हणाली. मला रडू आवरेना.

मग म्हणाली की तुझा बा बेळगावला जाऊन बसला, त्याला माझा निरोप लिही. सिद्रामदादा, माझं काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला, मी परत आले न्हाय तरी मनात ठेवू नका. हा तिचा निरोप, जसाच्या तसा.

पुड्यांची थैली तिनं गळ्यात अडकवलीय. तू बांधलीस म्हंजे एक बी पुडी चुकवणार न्हाय, नमाज झाली की पुडी, असं मला तीनदा सांगून गेली. पाच जूनला हजचा मोठा दिवस आहे म्हणे.

राग उतरला की दोन ओळी टाका. वाट बघतेय.

आपली,
उपासना

*

बेळगाव,
दि. ३ जून २०२५

चि. उपासना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आल्याला तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. जैतूनबीचा निरोप वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

तुझ्या यादीत एक खोट आहे. दोन हजार आठ साली चाँदसाब तांबोळी हजहून आले आणि मला शिव्या देत दवाखान्यात शिरले. मीही त्यांच्या गोळ्या नमाजाला बांधल्या होत्या. हजच्या मोठ्या दिवशी, अराफातला, सूर्य मावळला की हाजी मुझदलिफाच्या माळावर जातात. त्या दिवशी मगरिब वाटेत पढत नाहीत. तिथं पोचल्यावर मगरिब आणि इशा एकापाठोपाठ एकत्र पढतात. दिवसभराची चाल असते आणि जेवणाचा भरवसा नसतो. चाँदसाबनी दोन्ही गोळ्या एकदम, उपाशीपोटी घेतल्या आणि जे आडवे झाले ते कोणीतरी तोंडात साखर घातली म्हणून उठले. तेव्हापासून प्रत्येक हाजीला मी बजावायचो, की गोळी नमाजाची नव्हे, जेवणाची.

हे तुझी यादी वाचताना पहिल्याच खेपेला दिसलं होतं. लिहिलं नाही. वाटलं, बाईला थोडी घेरी येईल, परत आल्यावर ती तुला सांगेल, तुझा तोरा उतरेल आणि मग तू मला विचारायला येशील. एवढंच मनात होतं. ती मरावी असं माझ्या मनात कधीच आलं नाही.

पाच तारखेच्या आत तिला कळव, फोन असेलच. बुद्धप्रियचा फोन इथं समोरच पडलाय. पण हे तोंडानं सांगायला माझी जीभ उचलत नाही. आत्ताच जाऊन पत्र पेटीत टाकतो.

माया तुटू नये, एवढीच इच्छा.

तुझा,
आप्पा

*

निपाणी,
दि. १० जून २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र काल, सोमवारी मिळालं. मधे बकरीदची आणि रविवारची सुट्टी आली.

मावशी शुक्रवारी पहाटे मुझदलिफाच्या माळावर वारली. खतीजाबीनं फोनवर सांगितलं, की दोन्ही नमाजा झाल्यावर मावशीनं थैली काढली, आधी लाल दोरा सोडला, मग निळा. खतीजाबी म्हणाली की आधी काहीतरी खा, तर मावशी म्हणाली की पोरीनं नमाज झाली की पुडी असं सांगितलंय, माझ्या पोरीचं चुकायचं न्हाय. मग चटईवर आडवी झाली. फजरला तिला हलवलं तेव्हा अंग गार होतं. तिकडंच दफन केलं.

शनिवारी शफीक दुकानात आला, माझे आभार मानायला. त्या मातीत मरण येणं नशिबाचं असतं, आणि अम्मीनं तुमची एकही पुडी चुकवली नाही, असं म्हणाला. काल तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी त्याच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जेवणाला लिहिलेलं मी नमाजाला बांधलं, ही चूक माझी. कोणाही मौलवीला एक प्रश्न विचारला असता तर मावशी आज असती. बिनवासाच्या साबणाचं विचारून घेतलं म्हणून मी तुमच्याकडं ऐट मिरवत होते. तुमचं पत्रही त्याला वाचून दाखवलं. तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला की अम्मी जाताना सगळ्यांना माफ करून गेली, मला ते जमत नाही, तुम्ही आता आमच्या दारात येऊ नका. मी उठून आले.

आप्पा, तुम्ही मला मारलं असतंत तर चाललं असतं. भर बाजारात शिव्या दिल्या असत्यात, मी खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. मला धडा शिकवायला तुम्हाला आईची मैत्रीणच मिळाली का? आणि मन पालटलं तेव्हाही, फोन हाताशी असताना, तुम्ही चालत पेटीपर्यंत गेलात.

तुमच्या जुन्या पद्धतीनं मी आता कोणालाच औषध बांधून देत नाही. फक्त तुम्हाला. महिन्याच्या पुड्या सोबत आहेत, त्याच विडीच्या दोऱ्यानं बांधलेल्या. नेहमीसारख्या न बघताच उघडा. त्या बरोबर आहेत की नाहीत, अशी शंका आली तर मला विचारा. मी जरूर कळवीन, पत्रानं, साध्या टपालानं.

लोभाचं यापुढं काही लिहीत नाही.

उपासना