ताऱ्याने कूस बदलली, त्याची हकिकत

ती. आत्या,

शि. सा. नमस्कार. (मान आखडली आहे, म्हणून साष्टांग कागदावरच उरकते.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांची साखर तुझ्या धाकात आहे ना? हा प्रश्न लक्षात ठेव, पुढे लागेल.

इकडे आनंदीआनंद आहे. तुझे यजमान आणि माझे मार्गदर्शक (दोन्ही पदं एकाच चढ्या आवाजात भूषवतात) सध्या हवेत आहेत. कारण आमचा न्यूट्रॉन तारा! हा तारा म्हणजे मेलेला, शहराएवढा, तरी वजनाला सूर्याहून भारी. आपल्या घरातल्या काही वडीलधाऱ्यांसारखाच. त्याच्या क्ष-किरणांच्या लहरी कुठल्या दिशेने डोलतात ते उपग्रहावरचं यंत्र टिपतं, आणि त्यावरून आम्ही त्याचं चुंबकत्व ओळखतो. दिशा नीट वाचली जातेय ना, हे ताडून बघायला त्या यंत्राचं जुळं भावंड आमच्या टेबलावर बसवलंय. त्याला मी आजवर शिंकेचाही धक्का लागू दिलेला नाही.

गेल्या महिन्यात ताऱ्याची दिशा एकदम काटकोनात वळली. काकांना गहिवरून आलं. त्यांनी अख्खा मजला गोळा केला, भाषण ठोकलं, लेखही लिहून काढला; शुक्रवारी तो छापायला जाणार. मला मात्र राहवेना. जाऊन पाहते तर टेबलावरचं भावंडच काटकोनात फिरवलेलं! का, तर मागच्या कपाटाचं दार त्याला अडत होतं, आणि त्या कपाटात आहे काकांचा बिस्किटांचा डबा. क्रीमची बिस्किटं, आत्या. ताऱ्याची दिशा आम्ही त्याच्याशीच ताडून मोजतो. म्हणजे तारा जागच्या जागीच आहे, हलले ते काका.

आता हे त्यांना सांगायचं कोणी? मागे एकाने त्यांची बेरीज चुकल्याचं दाखवलं होतं. तो हल्ली विमा विकतो. मला खरंच भीती वाटते गं, जेवण जात नाही.

तुझी भाची

ता. क. शुक्रवारच्या आत तू सहज म्हणून इकडे ये आणि सहजच ते कपाट उघड. तू ओरडायला लागलीस की यंत्र कोणी फिरवलं इथपर्यंत गाडी आपोआप येईल. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २. लेखावर काकांनी माझं नाव स्वतःच्या आधी घातलंय. आजवर ते आभारातसुद्धा आलं नव्हतं. वाचून मी जिन्यात जाऊन रडले. म्हणजे हसंही पहिलं माझंच होणार. तेव्हा उद्याच ये.

ता. क. ३. डबा रिकामा निघाला तर काकांना फार बोलू नकोस. यंत्र फिरवल्यापासून ते दार मलाही छान उघडतं.