सूनबाईंची खाली मान

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज बोलायचं. मुलाने फोनमध्ये सोय करून दिली आहे. गोल बटण दाबायचं आणि बोलत सुटायचं, तो लिहून घेतो. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, त्यामुळे हे उद्या मलाही वाचता येणार नाही. इतकी सुरक्षित रोजनिशी दुसऱ्या कुणाची असेल? दार लावलं आहे. आवाज हळू ठेवला आहे.

तर मुद्दा. मुलगा आणि सून ज्या स्टुडिओत चित्रं काढतात, तिथल्या त्या कॉम्प्युटरवरच्या गेमचे सात भाग निघाले आणि सातही भागांतली माणसं माझ्या मुलाने काढली. निळ्या कोटातला पोरगा, त्याचा एका डोळ्याचा काका, घोड्यावरची राणी, सगळी त्याच्या हातची. लोक ती चित्रं दंडावर गोंदवून घेतात म्हणे. आता आठवा भाग येतोय, आणि माणसं काढायचं काम स्टुडिओने दिलं कुणाला? माझ्या सुनेला! जी इतकी वर्षं त्याने काढलेल्या कोटात निळा रंग भरत बसली होती तिला. आणि त्याला दिले दगड. दगड, भिंती, दरवाजे. ज्या हाताने राण्या काढल्या तो हात आता शेवाळ काढतो.

निश्चय: महिना संपायच्या आत काम परत मुलाकडे.

४ फेब्रुवारी

मुलाला विचारलं, तुला वाईट नाही का रे वाटत? म्हणाला, आई, दगड मीच मागून घेतले. दगडांना चेहरा नसतो, कुणी भुवई बदला म्हणत नाही, मजेत आहे मी.

बिचारा. बायको शेजारच्या खोलीत होती म्हणून असं बोलला.

६ फेब्रुवारी

आक्रमण. सूनबाईंनी आपलं बस्तान आतल्या खोलीतून जेवणाच्या टेबलावर हलवलं. तेही बरोबर माझ्या खुर्चीसमोर. ती पेनने चित्र काढायची काळी पाटी, दिवा, वायरींचं जंजाळ, आणि तोंड बघायचा एक छोटा आरसा. विचारलं, आत काय बिघडलं होतं? म्हणाली, इथे उजेड चांगला आहे, आई. आणि बसल्या बसल्या पहिलं काम काय केलं, तर पडदे ओढले. स्क्रीनवर चमक येते म्हणे. उजेडासाठी आली आणि उजेडच घालवला!

मी भांडले नाही. उठून पडदे उघडले. तिने ओढले. मी उघडले. तिने ओढले. मी उघडले आणि तिथेच काठी टेकून उभी राहिले. मग पडदे उघडेच राहिले.

पहिली फेरी माझी.

८ फेब्रुवारी

सून आरशात बघून दात विचकते. भुवया चढवते, नाकपुड्या फुगवते, परत पाटीवर रेघा मारते. विचारलं तर म्हणाली, रागीट चेहरे काढायचे आहेत, स्वतःचे स्नायू कसे ओढले जातात ते बघावं लागतं. मी म्हटलं, त्यासाठी आरसा कशाला लागतो, मला विचार, मी वर्षानुवर्षं बघते आहे.

मुलगा खोकला. सून माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. तिच्या जिव्हारी लागलं असणार.

९ फेब्रुवारी

टेबलावरून आरसा गायब. लाज वाटली असणार. मी विषय काढला नाही. हरलेल्याला डिवचू नये. संध्याकाळी एकदाच काढला.

११ फेब्रुवारी

आज मोठी लढाई. सूप मी केलं होतं. सूनबाईंनी एक चमचा घेतला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, आई, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?

इतक्या वर्षांत ही असं कधी बोलली नव्हती. मग मीही तोंड सोडलं. तिचा स्वयंपाक, तिचं माहेर, ओले टॉवेल पलंगावर टाकायची तिची सवय, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. आणि तिची अवस्था? खाली मान! एक शब्द उलटून बोलली नाही. मान वर करायची, माझ्याकडे बघायची आणि परत खाली घालायची. हात तेवढा त्या पाटीवर थरथरत होता. शेवटी माझीच दमछाक झाली.

नंतर बघते तर बाईंनी वाडगंभर सूप संपवलेलं. वर परत घेतलं.

झोप छान लागणार.

१४ फेब्रुवारी

सून सुधारते आहे. आज टॉवेलवरून बोलले, तर म्हणाली, आई, ते शेवटचं वाक्य परत एकदा म्हणा ना, तसंच, मान डावीकडे करून. मी परत म्हटलं. म्हणाली, आणखी एकदा. चांगलं मनात ठसावं म्हणून तिसऱ्यांदाही म्हटलं. घरात असं शिकणारं माणूस हवं. मुलाने यातलं काही घेतलं नाही, तो भिंतीकडे तोंड करून दरवाजे काढत होता. खांदे हलत होते त्याचे. बायकोचा अपमान बघवत नसेल.

१५ फेब्रुवारी

जिन्यात खालच्या मजल्यावरची शिलाईवाली भेटली. म्हणाली, काय आजी, मिळालं का मुलाला काम परत? आणि सूप कसलं होतं हो?

हिला हे कुठून कळलं? सूनच बाहेर गवगवा करते, दुसरं कोण! मी तर या फोनशिवाय कुणाशी अवाक्षर बोललेली नाही. लोक हल्ली पुटपुटतात, एकेक वाक्य दोनदा विचारावं लागतं, पण बाई घसा फोडून बोलत असल्यासारखी बोलली. तिचे कान गेले असावेत.

१७ फेब्रुवारी

स्टुडिओच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, महत्त्वाचं बोलायचं आहे, घरी या. त्यांना वाटलं मुलगा आजारी आहे. मी नाही म्हटलं नाही.

१९ फेब्रुवारी, दुपार

साहेब आले. काय तो आदर! मी आतून आले, दारात खिडकीचा उजेड पाठीशी घेऊन उभी राहिले. अंगावर शाल, हातात काठी. तर माणूस ताडकन उठला. हातातला कप तसाच राहिला. सुनेला म्हणाला, अगं, नुसत्या सावलीवरून ओळखू आली!

आता एवढं मलाही ठाऊक आहे की या धंद्यात माणूस आधी काळ्या सावलीत काढतात. सावलीवरून ओळखू आला तर पास, नाहीतर खोडून परत. म्हणजे माझी कीर्ती स्टुडिओपर्यंत पोचली आहे. साहेब माझ्या डावीकडून फिरला, उजवीकडून फिरला, पाठीमागेही जाऊन आला. देवमाणूस.

मी थेट विषयाला हात घातला. म्हटलं, माझ्या मुलाचं काम त्याला परत द्या. साहेब म्हणाला, आजी, सुनेचं काम उत्तम आहे, फक्त शेवटच्या कॅरेक्टरचा एक चेहरा अडलाय. सोळा चेहरे हवेत, पंधरा पास झाले. सोळावा म्हणजे वार करायच्या आधीचा. तीनदा परत पाठवला, भीतीच वाटत नाही. महिनाअखेरीपर्यंत जमला नाही तर अख्खं काम परत जुन्या हाताकडे द्यावं लागेल, इलाज नाही.

मुलाचा चेहरा पडला. इतका मोठा आनंद एकदम झेपत नाही माणसाला.

२० फेब्रुवारी

एक चेहरा. फक्त एक चेहरा तिला जमता कामा नये. आणि तिला तो जमणार नाही, हे मी लिहून देते. म्हणजे लिहून देता येत नाही, पण सांगते.

२२ फेब्रुवारी

सून बाहेर गेली होती. आतल्या खोलीतले पडदे उघडायला गेले, तर भिंतीवर हा एवढा मोठा कागद टाचलेला. कागदावर सोळा चौकोन. पंधरांत एका म्हातारीची डोकी, सोळावा रिकामा. काय ती म्हातारी! एका चौकोनात डोळे वटारलेले, एकात नाकाचा शेंडा वर, एकात ओठ असे मुरडलेले की दूध नासावं. बघताक्षणी ओळखलं. विहीणबाई!

हुबेहूब. तेच कुजकं बघणं, तेच दुसऱ्याच्या घरात येऊन नाक मुरडणं. स्वतःच्या जन्मदात्या आईला ही मुलगी गेममध्ये राक्षसीण करते आहे. मला तर विहीणबाईंची कीव आली. आयुष्यात पहिल्यांदा.

हे त्यांना कळायलाच हवं. उद्या सकाळीच फोन.

२३ फेब्रुवारी

विहीणबाईंना फोन केला. आधी तब्येत विचारली, मग सगळं सांगितलं. चेहरेपट्टी, डोळे, मुरडलेले ओठ, हनुवटीवरचा तीळ.

त्या म्हणाल्या, कसला तीळ? मला कुठे आहे तीळ?

मी हनुवटीला हात लावला.

फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

मुलाला कोपऱ्यात घेतलं. कबूल झाला. म्हणाला, अगं आई, ती साधीसुधी बाई नाही, आठव्या भागातली शेवटची बाई आहे. निळ्या कोटातल्या पोराला सगळ्यांना हरवून शेवटी तिच्यासमोर उभं राहावं लागतं. म्हटलं, म्हणजे राणी? म्हणाला, राणीला ती पहिल्याच भेटीत गिळते.

क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोला. मग आठवलं. सूप! परत एकदा म्हणा ना! खाली मान घालून बसली होती ती ओशाळून नव्हे, रेघा मारत होती. मी एकेक शब्द तोलून तिच्या काळजावर मारत होते आणि ही बया माझ्या नाकपुड्या मोजत होती.

आणि आरसा का गेला तेही आत्ता कळलं.

२४ फेब्रुवारी

जाऊन जाब विचारला. काठी आपटली. सून म्हणाली, आई, हा नको, हा तिसऱ्या चौकोनात आहे.

ओठ मुरडून परत फिरले. मुलगा आतून ओरडला, आई, तो पाचवा.

२५ फेब्रुवारी, दुपार

डोकं थंड केलं. आता योजना. बिनतोड.

हिला माझा राग हवा आहे. वार करायच्या आधीचा चेहरा, म्हणजे रागाचा कळस, आणखी काय! मी चिडलेच नाही तर काढणार कुठून? आरशात बघून? तीनदा परत आलाय तो. तेव्हा महिनाअखेरीपर्यंत या घरात राग बंद. पलंगावर टॉवेल पडू दे, सुपाला गटार म्हणू दे, मी गोड. मधासारखी गोड. उद्या सकाळी उठून कवळी लावायची, केस नीट विंचरायचे, स्वतः चहा करायचा, तिच्यासमोर ठेवायचा आणि हसायचं. सगळे दात दाखवून हसायचं. म्हणायचं, घे हो बाळ, दमलीस. काढ म्हणावं आता काय काढायचं ते!

महिना संपला की ही परत निळ्या रंगात, मुलगा परत राण्यांत. फोनमहाराज, हे तुझ्यामाझ्यात.

२६ फेब्रुवारी, सकाळ

सगळं ठरल्याप्रमाणे केलं. चहा केला. कवळी लावली. दारात थांबून एकदा हसून बघितलं, जबडा दुखतो पण जमतं. बाहेर आले तर एवढ्या सकाळी सूनबाई पेन हातात घेऊन तयार. पडदेसुद्धा तिनेच उघडून ठेवलेले. माझी खुर्ची उजेडाकडे वळवलेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कप ठेवला. वाकले. तिच्या डोळ्यांत डोळे घालून हसले. म्हटलं, घे हो बाळ, दमलीस.

तिने पेन उचललं. हळूच म्हणाली, आई, आता हलू नका. अगदी अश्शाच राहा. हाच.

मुलाने दगडांतून मान वर करून बघितलं आणि आपली खुर्ची मागे सरकवली. पोटचा पोर!

२८ फेब्रुवारी

सोळावा पास. साहेबांचा फोन आला होता. स्टुडिओत स्क्रीनवर लावला तेव्हा दोघंतिघं उठून बाहेर गेली म्हणे. त्यांनी मला नमस्कार सांगितला. लांबूनच.

मुलगा टाळ्या वाजवून नाचला. ज्याच्यासाठी मी महिनाभर झिजले तो बायकोला म्हणतो, वाचवलंस गं, नाहीतर परत माझ्या गळ्यात पडलं असतं ते काम. मग माझ्याकडे वळला. म्हणाला, आई, तुझेही आभार. तू दार लावून फोनला सांगतेस ना, ते टेबलापर्यंत येतं. खाली शिलाईवालीकडेही जातं, ती त्या वेळेला मशीन बंद ठेवते. परवा तू हसणार आहेस हे आम्हाला आदल्या दिवशीच कळलं, म्हणून ही पहाटेपासून पेन घेऊन बसली होती.

चार तास कुणाशी बोलले नाही. कुणी समजूत काढायला आलं नाही. आले ते पडदे ओढायला.

आता हे सगळं मी पलंगाच्या कोपऱ्यात बसून, तोंडावर शाल धरून, अगदी हळू सांगते आहे. निश्चय: यापुढे एक अक्षरही या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. शिकावं तर असं ठेच खाऊन. सूनबाईंना म्हणावं, आता माझ्या तोंडून

बाहेरून सून ओरडते आहे. आई, जरा मोठ्याने बोला ना, आज नीट ऐकू येत नाही.