मकरंदने सुधारलेला पॅकेज मॅनेजर

सिविल लाइन्स, झाशी

प्रिय मकरंद,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. तुझं बंगळुरूचं भाषण पाहिलं. कॉलेजात आपण दोघांनी 'स्कीम' या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी लिहिलेला पॅकेज मॅनेजर तू म्हणे एकट्याने 'आधुनिक' केलास. टाळ्याही बऱ्याच पडल्या. काळा टी-शर्ट घातला की माणूस इतका विद्वान दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तू विसरला असशील म्हणून सांगते, त्या प्रोग्रामचं काम साधं होतं. इतरांनी लिहिलेले तयार तुकडे आणायचे आणि ते एकमेकांशी जुळतात ना, हे पाहून बसवायचे. तू ते पाहणंच काढून टाकलंस. आता तो मिळेल तो नवा तुकडा आणतो आणि जुना पुसून टाकतो. वेग वाढला, कबूल. काम न करणारा माणूसही लवकर मोकळा होतो.

गेल्या महिन्यात तुझी ही सुधारणा इथे पोचली आणि माझा एक प्रोग्राम बंद पडला. कॅमेऱ्याखाली अखबार धरला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, स्कीममध्येच लिहिलाय. मी मुकाट्याने बदल लिहून तुला पाठवला, की नवा तुकडा जुळत नसेल तर जुना तसाच ठेवायचा. तू तो न वाचता फेटाळलास. वर लिहिलंस, छोट्या गावातल्या दोन-चार लोकांसाठी प्रोजेक्ट थांबत नसतो. झाशीत वाढलेल्या माणसाने झाशीबद्दल हे लिहावं, तेही मला, आणि इंग्रजीत.

मग मी तो बदल प्रोजेक्टवर काम करणाऱ्या बाकीच्यांपुढे ठेवला. भाषणात तू जिला 'आमची ज्युनिअर' म्हणालास, त्या मेघनाने तो नीट तपासला, दोन चुकाही काढल्या. काल सर्वांनी तो स्वीकारला. तुझं मत कुणी विचारलं नाही.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. तो प्रोग्राम मी तुझ्या बाबांसाठी लिहिला होता. काचबिंदूने नारायणकाकांची नजर गेली, त्याला वर्ष होत आलं. तू फोन करतोस तो गाडी चालवता चालवता, तेव्हा तुला कुठून कळणार. आणि तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. प्रोग्राम बंद होता तेव्हा ते सदर बाजारच्या घरात तसाच अखबार धरून बसायचे. मला म्हणाले, "हे मुकं का झालं गं, बेटा? माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?" कुणाचं काम आहे, ते मी सांगितलं नाही. आज सकाळी मात्र त्यांना सांगून टाकलं, की मी शपथ मोडतेय, मकरंदला लिहितेय. रागावले. मग चहाचा कप चाचपडत म्हणाले, "बंगळुरूहून इकडे थेट गाडी असते ना गं?"

असते, मकरंद.

तुझीच, कशी ते विचारू नकोस,
अनुया