जोडीचे खेळ आधी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
८ जानेवारी २०२५

ती. सौ. जगदेवीअक्का हिला शिवशरणचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दाजींच्या दुकानात नव्या तुरीच्या पोत्यांनी गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा ठेवली नाही, हे वाचून करमणूक झाली. तुझ्या एका कानानं साथ सोडल्यापासून फोनवर बोलायचं म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीला बातमी सांगणं होतं. त्यापेक्षा पत्रच बरं.

तर बातमी अशी, की पुस्तक निघणार! पुण्याच्या एका प्रकाशक बाईंनी हो म्हटलं आहे. टीव्हीला जोडायचा तो डबा, त्यात खोचायच्या कॅसेटी आणि त्यातले गेम, हाच विषय. सुट्टीच्या दिवशी एकेक जुना गेम पुन्हा शेवटपर्यंत खेळायचा आणि मग त्यावर लिहायचं, की तो कसा आहे, कुठं फसला आहे, आज कुणी खेळावा का. असे लेख साठत साठत पुस्तकाएवढे झाले.

पण गाडी अनुक्रमणिकेवर अडली आहे. अकारविल्हे लावावं म्हटलं, तर कुठलं नाव धरू? रणगाड्यांचा एकच गेम एका कॅसेटवर एका नावानं, दुसरीवर भलत्याच नावानं. जपानमध्ये त्याचं खरं नाव तिसरंच, आणि आपल्या गल्लीत त्याला सगळे नुसतं टाकी म्हणायचे. सालवार लावलं तर पहिले सगळे गेम एक ठिपका इकडून तिकडं जाण्याचे. वाचणारा तिथंच पळेल. गुणांप्रमाणे लावलं तर चांगले आधी संपतात आणि शेवटी नुसता गाळ उरतो. म्हणून मी यंत्रवार लावलं, म्हणजे या डब्याचे इथं, त्या डब्याचे तिथं. बाईंनी कळवलं, की लेख चांगले आहेत पण क्रम रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाटतो, पुन्हा विचार करा. मार्चअखेर कळवलं नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल.

तुझ्या नातीच्या बारशाला येता आलं नाही. कारखान्यात टॉवेलचा माल पाठवायची घाई होती. राग मानू नकोस. दाजींना नमस्कार. माया अशीच राहू दे.

तुझा,
शिवशरण


दुधनी
१७ जानेवारी २०२५

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

पुस्तक निघतंय म्हटल्यावर लई आनंद झाला बघ. ह्यांनी दुकानात येईल त्याला सांगितलं. पण कशाचं पुस्तक असं कुणी विचारलं की ह्यांना सांगता येईना, मग माणसं माझ्याकडं धाडायला लागले. मी सांगते, ज्या डब्यापायी पोरगं जेवायला उठत नव्हतं त्या डब्याचं पुस्तक हाय.

आता क्रमाचं. मला त्यातलं काही कळत न्हाय, पण दुकान कळतं. आमच्याकडं बाई येते ती तूर कुठल्या सालची, कुठल्या गाडीतनं आली, हे विचारत न्हाय. आमटी शिजंल का एवढंच विचारते. तुझं पुस्तक घेणारा काय विचारंल ते आधी बघ. डब्यांची नावं त्याला कशाला हवीत? तुला पाठ हायेत म्हणून तू सांगतोयस.

आणि एक विचारते. रेघांच्या कागदावर लिहिलंस, मग ओळी रेघा सोडून खाली का घसरल्यात? दोन ठिकाणी शब्दावर शब्द चढलाय. शाळेत तुझ्या अक्षराला मास्तर नावाजायचे. आणि नातीचं बारसं टाकून टॉवेल मोजत बसणारा माणूस तू न्हाईस. तम्मा, माझ्या धाकट्या भावा, काय झालंय ते सरळ कळव. मी दूर असले तरी मला दिसतं.

महानंदाला आशीर्वाद सांग. उत्तराची वाट बघते.

तुझी,
अक्का


सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कांना महानंदाचा सा. न. वि. वि.

आधी हे वाचा. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि नीट झालं आहे. जिवाला काही धोका नाही. आता बाकीचं सांगते.

डाव्या डोळ्यापुढं काजळीचे कण तरंगतात, मधेच वीज चमकल्यासारखं होतं, असं ह्यांना बरेच दिवस होत होतं. मला सांगितलं नाही. मग बाजूनं काळा पडदा ओढल्यासारखं झालं. तरी गप्पच. तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा अर्ध्या डोळ्यानं लिहिलं. शेवटी कारखान्यात टॉवेलची गाडी डाव्या अंगाला असून दिसली नाही, तिच्यावर धडकले आणि गुडघा फोडून घेतला. गुडघ्याला मलम लावताना मी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. लगोलग दवाखान्यात नेलं. डोळ्याचा आतला पडदा सुटला आहे, थांबलात तर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

तुम्हाला का कळवलं नाही, तर तुम्ही गेमला बोल लावाल म्हणून. आणि अक्का, खरं सांगायचं तर ह्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं. आपल्याच नादानं डोळा गेला, आता हे पुस्तक कुठल्या तोंडानं काढायचं, असं म्हणत बसले होते. म्हणून मी ह्यांच्यासमोरच डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, की लहानपणापासून एवढा जाड चष्मा असलेल्या माणसाच्या डोळ्याला हे होऊ शकतं, गेम खेळून पडदा सुटत नाही. ह्यांनी त्यांना तेच परत एकदा म्हणायला लावलं. नंतर बाकावर येऊन बसले आणि मोठा श्वास सोडला. ऑपरेशन व्हायचं होतं तरी माणूस अर्धा बरा झाल्यासारखा दिसला.

आता डोळ्यात हवेसारखा वायू भरला आहे. तो पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून दिवसभर पालथं झोपायचं, तोंड जमिनीकडं. दोन उशांच्या फटीत नाक घालून पडलेले असतात आणि फरशीशी बोलतात. वाचायचं नाही, टीव्ही नाही, मोबाईल नाही. म्हणून मी रोज दुपारी पुस्तकाचे कागद वाचून दाखवते.

पहिल्या दिवशी ह्यांच्या क्रमानं वाचलं. पहिल्यात विमानं पाडायची. दुसऱ्यात विमानं पाडायची. तिसऱ्यात पाण्यातली जहाजं, पण पाडायचीच. चौथ्याला मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा हे विचारत होते, की कसं वाटलं. मी खरं सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत फरशीशीही बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मनानं कागद उचलले. ज्यात माणसं होती तेच. धाकट्या भावाला न जोडलेला रिमोट हातात देऊन तूच खेळतोयस म्हणून फसवणारी पोरं, हरायला आलं की पायानं वायर ओढणारा शेजारचा मुलगा. अक्का, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस असं लिहितो हे मला ठाऊक नव्हतं. मी वाचताना हसत होते आणि उशीत तोंड खुपसून हेही हसत होते. डोळ्याला धक्का लागेल म्हणून मला थांबावं लागलं. एकट्यानं खेळायच्या गेमवरचे लेख वेगळे आहेत, शांत आणि जरा खोल. ते हसत वाचून चालत नाही.

मग माझ्या सोयीसाठी मी खाटेवर गठ्ठे केले. जोडीनं खेळायचे एकीकडं, एकट्यानं खेळायचे एकीकडं. रिमोट एकच आणि एकजण मेला की दुसऱ्याचा नंबर, असे मधे. कागदांची सळसळ ऐकून ह्यांनी काय चाललंय विचारलं. मी सांगितलं. तर म्हणाले, की ते गठ्ठे आहेत तसेच राहू दे, हलवू नकोस.

आता वाद इतकाच, की पहिला गठ्ठा कुठला. हे म्हणतात एकट्याचे, गंभीर ते आधी. मी म्हणते जोडीचे आधी. तुम्ही काय म्हणता?

पट्टी काढली आहे. त्या डोळ्याला उजेड कळतो, हात हलवलेला कळतो. नजर किती येईल ते वायू विरल्यावर कळेल म्हणतात. तुमचा आशीर्वाद पाठीशी हवा.

तुमची,
महानंदा


दुधनी
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. महानंदास अनेक आशीर्वाद.

तुझी पहिली ओळ वाचली, पत्र खाली ठेवलं, तांब्याभर पाणी प्याले आणि मग पुढं वाचलं. शहाणी हायेस. असंच लिहीत जा.

त्याला म्हणावं, अक्का लई चिडलीय. पालथा पडलाय तोवर पाठीवर दोन धपाटे तूच घाल माझ्या वतीनं. गेमला मी बोल लावला असता हे मात्र खरं हाय. मनातल्या मनात सुरुवातही केली होती, तेवढ्यात डॉक्टरांचं बोलणं आलं आणि मला गप बसावं लागलं.

गठ्ठ्यांचं विचारलंस. तो डबा घरी आला तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. शिवशरणच्या दोस्ताच्या परीक्षा लागल्या, मग जोडीला कोण, तर मी. मला डावं-उजवं कळत न्हाय, सगळी बटणं एकदम दाबायची. माझा रणगाडा शत्रू सोडून ह्याच्याच रणगाड्याला गोळ्या घालायचा. बोंब मारायचं लेकरू, पण माझ्या हातातला रिमोट त्यानं कधी काढून घेतला न्हाय. लग्न होऊन पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा हा आवाज बारीक करून एकटाच खेळत होता. दुसरा रिमोट वायर गुंडाळून बाजूला ठेवलेला. मला बरं वाटलं न्हाय.

म्हणून माझं मत तुझ्यासारखंच. जोडीचे आधी. घरात आलेल्याला पहिल्यांदा बस म्हणावं, पाणी द्यावं. मनातलं नंतर सांगावं.

आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात एसटीनं येतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणते, त्याला भाकरी चालंल का ते डॉक्टरांना विचारून ठेव. नसंल चालत तर ह्यांना घालू, ते कधीच नको म्हणत न्हाईत.

तुझी,
जगदेवी


सोलापूर
२६ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातानं, माझ्या डोळ्यांनी.

तुम्ही येऊन गेलात तेव्हा मी त्या डोळ्यानं तुला निम्मंच बघितलं होतं. वायूचा फुगा डोळ्यात गवंड्याच्या पाणसळीसारखा डुलायचा. मधे एक आडवी रेघ, तिच्या वरचं जग स्वच्छ, खालचं पाण्यात बुडालेलं. रोज रेघ थोडी खाली जायची. आधी तुझं कपाळ दिसलं असतं, मग नाक, मग हातातलं भाकरीचं गाठोडं. शेवटी त्या फुग्याची गोटी झाली आणि एके दिवशी चहा घेताना लक्षात आलं, की गोटी नाहीच. मी महानंदाला हाक मारून काही नाही, काही नाही असंच म्हणत राहिलो. ती बिचारी घाबरून धावत आली.

काल डॉक्टरांनी फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळ सोडून सगळ्या आल्या. पडदा बसला आहे. दाराची चौकट जराशी वाकडी दिसते, तीही हळूहळू सरळ होईल म्हणतात. उद्यापासून कारखान्यात जातो, ओझं मात्र उचलायचं नाही.

पुस्तकाचं म्हणजे, तुम्ही दोघींनी मला मतदानात पाडलंत. जोडीचे आधी, मग नंबराचे, शेवटी एकट्याचे. बाईंचं लगेच उत्तर आलं, की आता हे पुस्तक झालं. नावांचा घोळही सुटला. मागं सूची द्यायची, तिच्यात कॅसेटवरची, जपानमधली आणि गल्लीतली सगळी नावं घालायची, ज्याला जे आठवेल त्यानं ते शोधावं. पहिला लेख रणगाड्यांचा आहे. त्यात मी सगळीकडं दुसरा खेळाडू असं लिहिलं होतं. ते खोडून सगळीकडं अक्का केलं. तुझ्या गोळ्या मला लागायच्या तेही घातलं आहे. हरकत असेल तर छापायच्या आत कळव.

एकट्याच्या गेमचे लेख शेवटी गेले याचं आधी वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. पालथा पडून महानंदाच्या तोंडून ते ऐकताना कळलं, की ते लिहिताना मी एकटा होतो, पण ऐकताना खोलीत दोघं होतो. शेवटी असले तरी ते एकटे पडणार नाहीत.

डॉक्टरांनी थोडा वेळ खेळायला हरकत नाही म्हटलं. काल संध्याकाळी डबा जोडला आणि महानंदाला फटफट्यांची शर्यत शिकवली. पहिल्या दोन वेळा ती खड्ड्यात गेली. तिसऱ्या वेळी शेवटच्या वळणावर तिनं मला आतल्या बाजूनं घासून मागं टाकलं आणि जिंकली. मी लहानपणापासून हा गेम खेळतोय. पण काय सांगू अक्का, हरल्याचं इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं. ती कुठून आली, कशी वळली, मला कुठं चुकवलं, सगळं अगदी स्वच्छ दिसलं. दोन्ही डोळ्यांनी.

दाजींना नमस्कार, बाळाला गोड पापा. तुझा लोभ मला पुरून उरतो, तो कमी करू नकोस.

तुझा,
शिवशरण